‘साहेबांना इंजिनातलं काय कळतं?’ : एका जुन्या शंकेचा इतिहास

गाड्यांचं वेड असलेली चार माणसं एकत्र आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं. कंपनीच्या साहेबांना इंजिनातलं काही कळत नाही, आणि पेपरवाल्यांना तर त्याहूनही कमी. मीही त्यातलाच. शाळेत असल्यापासून गॅरेजच्या बाकड्यावर बसून मिस्त्री लोकांच्या तोंडून हेच ऐकत मोठा झालो. पीएचडीचा विषयही शेवटी त्याच वाटेवरचा निघाला: १९६० आणि १९७० च्या दशकांतल्या अमेरिकेत इंजिनाबद्दल अधिकाराने बोलायचं कोणी? कंपनीच्या प्रमुखांनी, इंजिनिअरांनी, पत्रकारांनी, की हौशी गाडीवेड्यांनी?

विषय ऐकून लोक खूश होतात. समिती मात्र इतक्या सहज खूश होत नाही. दुसऱ्या वर्षाच्या प्रगती अहवालाच्या वेळी माझी कशी फजिती झाली आणि त्यातून प्रकरणाची मांडणीच कशी बदलली, हे आज सांगणार आहे. तुमच्यापैकी जे नेट-सेट-पेटच्या तयारीत आहेत किंवा सिनॉप्सिस लिहायला बसले आहेत, त्यांना याचा उपयोग व्हावा.

माझी आवडती स्लाइड

माझ्या सादरीकरणातली सगळ्यात आवडती स्लाइड होंडाच्या इंजिनाची होती. ती गोष्ट गाडीवेड्यांमध्ये सांगितली जाते ती अशी. अमेरिकेत १९७० साली स्वच्छ हवेचा कडक कायदा झाला. गाडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन १९७५ पर्यंत जवळपास नव्वद टक्क्यांनी कमी करायचं, असं त्यात होतं. अमेरिकी कंपन्या म्हणाल्या, एवढ्या वेळात हे जमणार नाही. तेव्हा मुख्यतः मोटरसायकलींसाठी ओळखल्या जाणाऱ्या होंडाने सीव्हीसीसी नावाचं इंजिन काढलं आणि ते या मर्यादांत बसलं. जनरल मोटर्सचे अध्यक्ष रिचर्ड गर्स्टनबर्ग यांना कोणीतरी याबद्दल विचारलं. त्यावर ते म्हणाले म्हणे, की मोटरसायकलीच्या इवल्याशा इंजिनात हे चालत असेल, आमच्या गाड्यांत त्याचा उपयोग नाही. मग होंडाने काय केलं? जनरल मोटर्सचीच एक भलीमोठी शेव्हरोले इम्पाला विकत घेतली, विमानाने जपानला नेली, तिच्या व्ही-८ इंजिनावर स्वतःची सिलिंडर हेड बसवली आणि गाडी परत अमेरिकेत आणून सरकारी प्रयोगशाळेत पास करून दाखवली. साहेबांचं तोंड बंद!

स्लाइडच्या खाली मी ठळक अक्षरांत निष्कर्ष लिहिला होता: ‘व्यवस्थापनाचं तांत्रिक अज्ञान’. गर्स्टनबर्ग हिशेब आणि वित्त विभागातून वर आलेले गृहस्थ, त्यामुळे निष्कर्ष अगदी चपखल बसत होता.

समितीतल्या बाहेरून आलेल्या मॅडमनी शांतपणे विचारलं, “हे वाक्य ते कुठे बोलले? कधी? ऐकलं कोणी?”

माझ्याकडे उत्तर म्हणून होती ती नंतरच्या काळातली लिखाणं, एकमेकांवरून उतरवलेली. त्या क्षणाचा एकही कागद नव्हता. मॅडम पुढे म्हणाल्या, “आणि समजा बोलले असतील. त्यावरून त्यांना इंजिन कळत नव्हतं हे सिद्ध होतं, की त्यांना ते इंजिन नको होतं हे?”

त्या दुसऱ्या प्रश्नाने माझे पुढचे सहा महिने खाल्ले.

आधी इंजिन समजून घेऊ

सीव्हीसीसीची युक्ती फार देखणी आहे. साध्या पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलचं मिश्रण सिलिंडरमध्ये जातं आणि स्पार्क प्लगची ठिणगी ते पेटवते. मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त ठेवली तर कार्बन मोनॉक्साइड कमी होतो. पण फार पातळ मिश्रण नीट पेटत नाही, इंजिन अडखळतं. होंडाच्या इंजिनिअरांनी सिलिंडरच्या डोक्यावर एक छोटी वेगळी खोली केली आणि तिला स्वतंत्र तिसरा व्हॉल्व्ह दिला. या छोट्या खोलीत पेट्रोल जास्त असलेलं मिश्रण येतं, ते ठिणगीने लगेच पेटतं, आणि तिथून निघालेली ज्योत मोठ्या खोलीतलं पातळ मिश्रण पेटवते. चुलीत आधी काडीकचरा पेटवून मग ओंडक्याला धग द्यावी, तसं. सगळं सावकाश आणि पूर्ण जळतं, त्यामुळे धुरातले तिन्ही त्रासदायक घटक कमी होतात. धूर साफ करणारं वेगळं यंत्र सायलेन्सरच्या वाटेवर बसवावं लागत नाही.

हे इंजिन डिसेंबर १९७२ मध्ये अ‍ॅन आर्बरच्या सरकारी प्रयोगशाळेत तपासलं गेलं आणि १९७५ च्या मर्यादांत बसलं. टोयोटा, फोर्ड, क्रायस्लर आणि इसुझू यांनी तंत्राचा परवाना घेतला. जनरल मोटर्सने घेतला नाही. इथपर्यंत गोष्ट भक्कम आहे.

तारखा लावल्यावर काय दिसलं

गाईड सरांनी मला एक कंटाळवाणं काम दिलं. मोठा कागद घे आणि त्यावर फक्त तारखा लिही, विशेषणं नकोत. तुम्हालाही हाच सल्ला देतो. गोष्टीचा निम्मा रंग तारखांनीच उतरतो.

फेब्रुवारी १९७३ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने कंपन्यांच्या मुदतवाढीचा प्रश्न पर्यावरण खात्याकडे परत पाठवला. ११ एप्रिल १९७३ रोजी खात्याचे प्रमुख विल्यम रकल्सहाउस यांनी कंपन्यांना एक वर्षाची मुदतवाढ दिली आणि मधल्या काळासाठी सौम्य मर्यादा ठरवल्या. होंडाच्या हेडवाल्या इम्पालावरचा सरकारी चाचणी अहवाल ऑक्टोबर १९७३ चा आहे.

म्हणजे ज्या गाडीने ‘साहेबांचं तोंड बंद केलं’, तिचा अहवाल आला तेव्हा मुख्य निर्णय होऊन सहा महिने झाले होते. मी मात्र तोपर्यंत इम्पालाला कारण आणि निर्णयाला परिणाम समजून चाललो होतो.

याचा अर्थ इम्पाला खोटी, असं नाही. चाचणी झाली, अहवाल आहे, आणि ५.७ लिटरच्या अमेरिकी व्ही-८ इंजिनानेही १९७५ च्या मूळ मर्यादा पाळून दाखवल्या. ‘हे फक्त छोट्या इंजिनात जमतं’ या आक्षेपाला याहून सरळ उत्तर नाही. पण तो अहवाल एका गाडीचा आहे. लाखो गाड्यांचा कारखाना बदलायला किती खर्च येईल, पुढच्या टप्प्यातली नायट्रोजन ऑक्साइडची कितीतरी कडक मर्यादा गाठता येईल का, हे प्रश्न त्या चाचणीच्या कक्षेबाहेरचे होते. पुरावा जेवढं बोलतो तेवढंच त्याच्या तोंडी घालायचं.

ज्यांना इंजिन कळत होतं, ते

दुसरा धक्का आणखी मोठा होता. गर्स्टनबर्ग अध्यक्ष होते तेव्हा कंपनीचे प्रेसिडेंट होते एड कोल. कोल हाडाचे इंजिनिअर. १९५५ चं शेव्हरोलेचं प्रसिद्ध छोटं व्ही-८ इंजिन त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालं. आणि इम्पालातलं ५.७ लिटरचं इंजिन, ज्यावर होंडाने आपली हेड बसवली, ते त्याच घराण्यातलं! म्हणजे ज्या कंपनीवर मी ‘तांत्रिक अज्ञान’ असा शिक्का मारला होता, तिच्या वरच्या मजल्यावर त्याच इंजिनाचा जनक बसला होता.

मग सीव्हीसीसी का नको होतं? कारण कोल यांनी दुसरी वाट धरली होती: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. इंजिनाच्या पोटात बदल करण्याऐवजी धूर बाहेर पडताना साफ करायचा. पण शिसं मिसळलेलं पेट्रोल वापरलं तर हा कन्व्हर्टर निकामी होतो. म्हणून कोल यांनी १९७० पासूनच बिनशिशाच्या पेट्रोलचा आग्रह धरला आणि १९७१ च्या मॉडेलपासून इंजिनं कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालतील अशी केली. १९७५ च्या मॉडेलपासून कंपनीच्या गाड्यांना कन्व्हर्टर आला आणि पंपांवर बिनशिशाचं पेट्रोल मिळू लागलं.

गंमत अशी की पेट्रोलमध्ये शिसं घालण्याचा शोध १९२१ मध्ये याच कंपनीच्या प्रयोगशाळेत, थॉमस मिजली यांच्या हातून लागला होता. त्यामुळे कंपनीला पुण्यवान ठरवायची घाई करू नका. कायद्याची मुदत लांबवायला तिने जोर लावला होता, हेही खरंच. पण सीव्हीसीसी शिशाच्या पेट्रोलवरही चालत असे, आणि कन्व्हर्टर चालत नसे. त्यामुळे हवेतलं शिसं कमी होण्यामागे कन्व्हर्टरच्या वाटेचा मोठा हात आहे. हीच वाट पुढे आपल्यापर्यंत आली. १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या गाड्यांना कन्व्हर्टर आणि त्यासाठी बिनशिशाचं पेट्रोल आलं. आज ज्या वाचकांचं लहानपण मुंबईत गेलं आहे, त्यांच्या फुप्फुसांचा या जुन्या भांडणाशी थेट संबंध आहे. होंडानेही पुढे १९८० च्या दशकात सीव्हीसीसी सोडून इंधन इंजेक्शन आणि कन्व्हर्टरचीच वाट धरली.

‘साहेबांना कळत नव्हतं’ एवढं म्हणून मी थांबलो असतो, तर यातलं काहीच मला दिसलं नसतं. अज्ञान हे कारण म्हणून लिहिलं की शोध तिथेच संपतो. ‘त्यांनी दुसरं काय निवडलं आणि का’ असं विचारलं की तो सुरू होतो.

आता पत्रकार

दुसरी तक्रार पत्रकारांबद्दलची. इथे माझ्याकडे मासिकाचा अंक, तारीख, आकडे सगळं होतं. ‘कार अँड ड्रायव्हर’च्या मार्च १९६४ च्या अंकात पॉन्टिअ‍ॅक जीटीओची चाचणी आली. शून्यापासून ताशी १०० मैल फक्त ११.८ सेकंदांत! फेरारीच्या जीटीओशी तुलना केली होती, आणि तीसुद्धा फेरारी प्रत्यक्ष शेजारी उभी न करता. मुखपृष्ठावर दोन्ही गाड्या एकत्र दिसतात, पण ते चित्र आहे, फोटो नाही. शोरूममधून घेतलेल्या साध्या जीटीओला हा आकडा जमत नसे, त्यामुळे गाडीवेड्यांच्या मनात शंका राहिली.

शंका रास्त निघाली. पॉन्टिअ‍ॅकच्या जाहिरातींचं काम पाहणारे जिम वँगर्स यांनी १९९८ च्या आपल्या आत्मचरित्रात कबूल केलं, की चाचणीच्या त्या गाडीत ३८९ घनइंचांचं नव्हे, तर ४२१ घनइंचांचं इंजिन बसवलं होतं. म्हणजे ६.४ लिटरच्या नावाखाली ६.९ लिटर.

‘बघा, पत्रकारांना इंजिनातला फरकही कळला नाही!’ असं म्हणायचा मोह होतो. पण थांबा. ही दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली, बाहेरून जवळपास सारखीच. बोअर आणि स्ट्रोक मोजल्याशिवाय फरक कळायचा नाही, आणि त्यासाठी इंजिन उघडावं लागतं. चाचणीला आलेली गाडी कोण उघडणार? पत्रकारांकडे स्टॉपवॉच होतं आणि ते बरोबर चालत होतं. चुकलं ते वेगळ्याच ठिकाणी. गाडी कुठून आली, मधे कोणाच्या हातात होती, तिच्यावर काय काम झालं, यावर त्यांनी कंपनीच्या माणसांचा शब्द मानला. इंजिनाचं ज्ञान असतं तरी ही चूक टळली नसती. वस्तू आपल्यापर्यंत कोणत्या हातांतून आली, हा प्रश्न विचारला असता तर कदाचित टळली असती.

आणि हो, कबुलीलाही हाच नियम लावा. वँगर्स यांचं पुस्तक चौतीस वर्षांनंतरचं आहे, आणि ‘आम्ही कसं फसवलं’ हे सांगण्यात जाहिरातवाल्याला स्वतःचीच शेखी मिरवता येते. तरी मी ते मानतो, कारण छापलेला आकडा आणि नेहमीच्या जीटीओची कामगिरी यातला फरक त्या कबुलीने नीट उलगडतो.

वित्तवाल्या साहेबांची जी प्रतिमा आपल्या डोक्यात आहे, तीही अशीच तपासावी लागते. तिचा एक मोठा स्रोत म्हणजे जॉन डीलोरियन यांच्या कथनावर जे. पॅट्रिक राइट यांनी लिहिलेलं आणि १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेलं जनरल मोटर्सवरचं पुस्तक. डीलोरियन म्हणजे जीटीओ निघाली तेव्हाचे पॉन्टिअ‍ॅकचे मुख्य इंजिनिअर. १९७३ मध्ये ते कंपनी सोडून बाहेर पडले. त्यांचं म्हणणं आतल्या माणसाचं आहे म्हणून मोलाचं, आणि दुरावलेल्या माणसाचं आहे म्हणून जपून वापरायचं. दोन्ही एकाच वेळी.

शेवटी आपण, म्हणजे गाडीवेडे

आतापर्यंत गाडीवेड्यांची शंका कधी अर्धी खरी, कधी पूर्ण खरी निघाली. पण तेही चुकतात, आणि त्यांची सगळ्यात टिकाऊ चूक आकड्यांची आहे. आजही ऐकायला मिळतं: “१९७२ मध्ये प्रदूषणाच्या कायद्याने अमेरिकी इंजिनांचा गळा घोटला. कॉर्व्हेटच बघा, २७० हॉर्सपॉवरवरून एकदम २०० वर!”

आकडे बरोबर आहेत. १९७१ च्या साध्या कॉर्व्हेटचं इंजिन २७० हॉर्सपॉवरचं, १९७२ चं २०० चं. पण मधल्या काळात मोजायची पद्धतच बदलली. आधी इंजिन गाडीबाहेर काढून, एअर फिल्टर आणि सायलेन्सरसारख्या अडथळ्यांशिवाय, मोकळ्या अंगाने मोजत. १९७२ पासून ते गाडीत असतं तसं, सगळ्या लवाजम्यासह मोजलेला आकडा देऊ लागले. एकूण पगार आणि हातात येणारा पगार, एवढा हा फरक. जनरल मोटर्सने १९७१ साली दोन्ही आकडे दिले होते. त्याच इंजिनाचा नव्या पद्धतीचा आकडा होता २१०. म्हणजे खरी घट २१० वरून २००, फक्त १० ची. बाकीची ६० हॉर्सपॉवर मापाच्या कागदावरच होती.

पण इथेही गाडीवेडे साफ खोटे ठरत नाहीत. १९७० मध्ये त्याच साध्या कॉर्व्हेटचा आकडा जुन्या पद्धतीने ३०० होता, १९७१ मध्ये २७०. ही घट एकाच मापातली, त्यामुळे खरी. कमी ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन कमी केलं, त्याचा हा परिणाम. म्हणजे तक्रार खरी होती, पण साल चुकलं आणि आकडा फुगला. आपल्याकडे ‘एआरएआयचं मायलेज’ आणि ‘रस्त्यावरचं मायलेज’ यावरून जे वाद होतात, त्यातही पुष्कळदा दोन मापं एकमेकांवर आदळत असतात.

स्लाइड आता कशी आहे

मी ती स्लाइड टाकून दिली नाही. गर्स्टनबर्ग यांचं म्हणून सांगितलं जाणारं वाक्य अजूनही तिच्यावर आहे, पण ‘पुरावा’ या रकान्यातून उचलून ‘लोक काय सांगतात’ या रकान्यात ठेवलं आहे. तिथे ते फार उपयोगी आहे. साहेबाने काय म्हटलं हे ते सांगत नाही, पण साहेबाने असंच म्हटलं असणार, असं गाडीवेड्यांना का वाटतं, हे नक्की सांगतं. तो माझ्या प्रबंधाचाच विषय आहे. एवढे दिवस तो माझ्यासमोर होता आणि मी त्याला तळटीप समजत होतो.

तुम्ही विषय निवडाल तेव्हा तुमच्याही मनात एखादी आवडती तक्रार असेल. ‘अधिकाऱ्यांना शेती कळत नाही’, ‘समीक्षकांना गाणं कळत नाही’, ‘भाषांतरकाराला मूळ भाषा येत नाही’. ती फेकून देऊ नका, बहुतेक वेळा तिच्या पोटात काहीतरी खरं असतं. पण तिला निष्कर्षाच्या जागी बसवू नका. समोरच्याने काय पाहिलं होतं, कोणत्या मापाने मोजलं होतं, ते त्याच्यापर्यंत कोणाच्या हातून आलं, आणि त्याने नाकारताना बदल्यात काय निवडलं, एवढं विचारून घ्या. त्यानंतरही ‘त्याला कळत नव्हतं’ हेच उत्तर उरलं, तर बिनधास्त लिहा. तेव्हा समितीने “कशावरून?” विचारलं, तरी घसा कोरडा पडणार नाही.

बाहेरून आलेल्या त्या मॅडमना मी परवा सुधारलेलं प्रकरण पाठवलं. एका ओळीचं उत्तर आलं: “आता दुसऱ्या प्रकरणातल्या तारखाही लावून बघा.” कागद आणि पेन घेऊन बसलो आहे.